मुंग्यांमधला चेंडू

९ जानेवारी

धंद्याला आज पहिलं परकं गिऱ्हाईक मिळालं. वर्तमानपत्राने नारळ दिल्यापासून मी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून जुन्या व्हिडिओ कॅसेट साफ करतो. आतापर्यंतची गिऱ्हाइकं नात्यातली. ती मोबदला म्हणून सल्ले देतात.

आज आले ते टेबल टेनिस क्लबचे सेक्रेटरी. खुर्चीच्या पाठीला पाठ न लावता बसणारे गृहस्थ. क्लबला पन्नास वर्षं होतायत, त्या सोहळ्यात चाळीसेक वर्षांपूर्वीची महिलांची फायनल मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. कॅसेट उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. इतकी वर्षं ती क्लबच्या कपाटात पडून होती, कुणी एकदाही लावून बघितली नव्हती.

"खेळाडू कोण ते ठाऊक असेलच," सेक्रेटरी म्हणाले.

"आहे. जिंकल्या त्या तुमच्या आत्ताच्या अध्यक्षाबाई. हरली ती माझी थोरली बहीण."

त्यांची पाठ आणखी ताठ झाली. "अरेच्चा! मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटचा पॉइंट तेवढा कापा आणि टाळ्यांवर संपवा. आनंदाचा प्रसंग आहे हो, जुनी मढी कशाला उकरायची?"

"बघतो," मी म्हणालो. बातमीदार 'बघतो' म्हणतो तेव्हा तो काय करणार नसतो, हे त्यांना माहीत नसावं.

तो शेवटचा पॉइंट आमच्या घरात पाठ आहे. निर्णायक गेम, ताई एकोणीस, समोरची वीस, आणि तेव्हा गेम एकवीसचा असे. ताईने मारलेला चेंडू समोरच्या टेबलाच्या वरच्या कडेला चाटून गेला, म्हणजे पॉइंट तिचा, असं ताईचं म्हणणं. पंच म्हणाले, बाहेर. ताईने हात मिळवला नाही आणि ती टेबलापासून हललीही नाही. शेवटी हॉलचे दिवे मालवले, तरी ती अंधारात बॅट घेऊन उभी. क्लबने तिला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, आणि मी पुढे ज्या वर्तमानपत्रात आयुष्य घालवलं त्यानेच छापलं, 'खिलाडूवृत्तीचा अभाव'. गावभर ती रडीचा डाव खेळणारी ठरली. त्यानंतर तिने बॅट हातात धरली नाही. पंच आता हयात नाहीत.

एक फ्रेमसुद्धा कापणार नाही. हे शाईने लिहून ठेवतो.

११ जानेवारी

ताईला सांगितलं. तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. फोन नेहमी दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना घेते.

"मला काय त्याचं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. क्लच! अहो काका, क्लच म्हटलं मी, ब्रेक नाही! मला काही फरक पडत नाही, पंडित."

मी महाविद्यालयात संस्कृत घेतलं तेव्हापासून मी पंडित. घरात या पदवीला मान नाही.

"बरं," मी म्हणालो.

"काही दिसतंय का?"

"एकदा लावून पाहिली. पडद्यावर नुसत्या मुंग्या."

"आणि मुंग्यांच्या मागे?"

"आणखी मुंग्या."

"मला अजिबात फरक पडत नाही. संध्याकाळी फोन कर."

संध्याकाळी तिनेच केला. दोनदा. दोन्ही वेळा फरक पडत नसल्याचं कळवलं.

१५ जानेवारी

बुरशी हाताने पुसली, फीत हळूहळू गुंडाळली. व्हीसीआरने कुरकुरत का होईना ती वाचली. आता चित्र संगणकात आहे आणि माझ्या तावडीत आहे.

चित्राची दशा: सगळीकडे मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, खाली हलणारी वाकडी पट्टी, ताईच्या लाल टी-शर्टचा रंग शेजारच्या भिंतीवर ओघळलेला. प्रत्येक रोगावर एक फिल्टर आहे. एक रंग जागेवर आणतो, एक कडा ठळक करतो, एक पांढरे डाग शोधून पुसतो, आणि एक पुढच्यामागच्या फ्रेम एकमेकींत मिसळून मुंग्या घालवतो. मी चौघांनाही कामाला लावलं.

आणि मग ताई दिसली. बावीस वर्षांची, कपाळावर घाम, ओठ मुडपलेले. सर्व्हिस करायच्या आधी ती डाव्या पायाची टाच दोनदा आपटते. हे मी साफ विसरलो होतो. मी तो चेहरा पुनःपुन्हा लावून पाहिला. बायको मागे येऊन उभी राहिली. ती भूलतज्ज्ञ आहे, तिच्यासमोर कुणी फार वेळ बोलत नाही.

"तुझ्यासारखीच दिसते," ती म्हणाली. "पण हुशार."

१८ जानेवारी

आजचा दिवस लिहू नये असा. लिहितो.

क्लबच्या कार्यालयात कार्यकारिणीला नमुना दाखवला. अध्यक्षाबाई मधोमध. किरकोळ बांधा, बारीक कापलेले पांढरे केस, बोलणं मोजकं. भिंतीवर चित्र आलं तसं सगळे "वा!" म्हणाले. रंग काय, चेहरे काय, मागच्या प्रेक्षकांच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत. मी विनयाने मान खाली घातली.

थोड्या वेळाने 'वा' थांबले. खुर्च्या करकरल्या.

"चेंडू कुठंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी मान वर केली. पडद्यावर दोन तरुण मुली जिवाच्या आकांताने हवेला बॅटी मारत होत्या. धावत होत्या, वाकत होत्या, हुकत होत्या. चेंडू कुठेही नव्हता.

"हुश्श," खजिनदार म्हणाले. "मला वाटलं माझाच मोतीबिंदू. म्हणून मी मघापासून गप्प."

डाग पुसणाऱ्या फिल्टरचा समज असा की जो पांढरा ठिपका एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी नाही, तो डाग. टेबल टेनिसचा चेंडू दुसरं काय करतो? फिल्टरने एकूण एक चेंडू चोख पुसला होता. आणि मी तीन दिवस पाहिलं काय, तर चेहरे!

सगळे हसले. अध्यक्षाबाई हसल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "राहू द्या की असंच. बरं दिसतंय. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही."

थट्टा करायची ही तऱ्हा मला आवडली नाही. जिंकलेल्या माणसाला विनोद स्वस्त पडतो.

१९ जानेवारी

न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. काल चेंडूचा झाला तो प्रध्वंसाभाव, म्हणजे आधी होता आणि मग कुणीतरी नाहीसा केला. कर्ता मी.

ताईला सांगितलं. फोनवर इतकी हसली की शिकाऊ काकांनी घाबरून गाडी कडेला घेतली.

"म्हणजे पंचांच्या डोळ्यांतसुद्धा हाच फिल्टर बसवला होता," ती म्हणाली.

२३ जानेवारी

सापडलं!

डाग पुसणारा बंद केला, चेंडू परत आला. पण शेवटच्या पॉइंटला घोटाळा आहे. एका फ्रेममध्ये चेंडू टेबलाच्या टोकाशी, वर हवेत. पुढच्या फ्रेममध्ये तो टेबलाच्या पलीकडे, खाली. मधलं काहीच नाही. तेवढ्यात यादीत आणखी एक फिल्टर दिसला. दोन फ्रेमच्या मध्ये नवी फ्रेम घालतो, चित्र संथ आणि सलग दिसावं म्हणून. लावला. नव्या फ्रेममध्ये चेंडू टेबलाच्या कडेला टेकलेला. पांढरा, गोल, निःसंशय.

ताईला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. अर्ध्या तासात दारात, डोक्यावर 'शिकाऊ' पाटी लावलेली गाडी फाटकाबाहेर तिरकी उभी केलेली. तिने ती फ्रेम पाहिली. मग पडद्यावरच्या चेंडूवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही.

जाताना म्हणाली, "त्या सेक्रेटरीला म्हणावं, ही फ्रेम भिंतीएवढी करून लाव. आणि मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार."

इतक्या वर्षांत तिने क्लबच्या इमारतीच्या रस्त्याने गाडीसुद्धा शिकवलेली नाही.

२५ जानेवारी

सगळं मुसळ केरात.

सहज म्हणून तोच फिल्टर दुसऱ्या एका सर्व्हिसला लावला. चेंडू नेटमधून आरपार गेला, भुतासारखा. फिल्टरला नेट काय, टेबल काय, कशाचीच शुद्ध नाही. तो अलीकडची जागा घेतो, पलीकडची जागा घेतो आणि मधोमध एक चेंडू काढून ठेवतो. ताईचा चेंडू कडेला टेकला कारण दोन जागांच्या मध्ये नेमकी कड होती. कॅमेऱ्याने तो क्षण पाहिलाच नव्हता. दोरीवर साप दिसणं या भ्रमाला शास्त्रात अध्यास म्हणतात. मी कडेवर चेंडूचा अध्यास केला आणि बहिणीला बोलावून त्यावर बोट ठेवायला लावलं.

आता कुणाला काय कळणार आहे? चेंडू खरोखर लागलाच होता, ताईने सांगितलं ना! मग खऱ्या गोष्टीचं खोटं चित्र दाखवलं तर बिघडलं कुठे? दिवसभर हा युक्तिवाद घासून पुसून पाहिला. लखलखीत झाला, पण गळ्याखाली उतरेना.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "पेशंटला सांगायचंच असतं. आणि तो शुद्धीवर असताना."

२६ जानेवारी

सांगितलं. ताई आमच्याकडे आली होती, चहाचा कप तिच्या हातात होता. मला वाटलं फेकेल. तिने तो खाली ठेवला.

"म्हणजे तो चेंडू तू काढलास."

"मी नाही. फिल्टरने."

"फिल्टर कुणी लावला? तुझ्या त्या काशीच्या पंडितांनी?"

मी तिचा कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला.

"ऐक. मी खोटी म्हणून गावभर बदनाम झाले ते काही न करता. आता खरी ठरण्यासाठी खोटं करू? पुसून टाक तो."

"ताई, पण लागला होताच ना?"

"लागला होता. मी आवाज ऐकलाय. म्हणून तर कुणी काढून दिलेला नको." मग खुर्ची ओढून बसली. "कॅसेटमध्ये आहे तसं लाव. न धुतलेलं. मी अजून ते पाहिलंच नाही, तू मला नुसता इस्त्री केलेला माल दाखवतोयस."

मी एकही फिल्टर न लावता मूळ चित्र लावलं. मुंग्या, वाकडी पट्टी, ओघळलेला लाल रंग. शेवटचा पॉइंट. मी चेंडू बघत होतो.

"थांब," ताई म्हणाली. "मागे घे. आता तिचा हात बघ. डावा."

मुंग्यांच्या आड, टेबलाच्या पलीकडच्या काळोख्या टोकाशी, समोरच्या मुलीचा डावा हात पुढे येतो. एक बोट टेबलाच्या कडेवर टेकतं. क्षणभरच. मग पंचांचा हात बाहेरच्या दिशेला उठतो, आणि ते बोट चटका बसल्यासारखं मागे जातं.

"हे काय करतेय ती?" मी विचारलं.

"चेंडू कडेला लागला की ज्याच्या बाजूला लागतो तो खेळाडू जागा दाखवतो. इथे लागला म्हणून. कुणी शिकवावं लागत नाही, डोक्याच्या आधी हात जातो. मी तेव्हा पंचांकडे वळले होते, मला दिसलं नाही." ताईचा आवाज खाली आला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, पंच चुकले. माणूस आहे, चुकतो. तिला माहीत होतं रे."

मुंग्या घालवणाऱ्या माझ्या फिल्टरने शेजारच्या फ्रेम मिसळताना तो हातही काळोखात मिसळून टाकला होता. स्वच्छ प्रतीत त्या जागी गुळगुळीत अंधार आहे.

ताईने ते आणखी तीन-चारदा पाहिलं. मला वाटलं आता ती चिडेल, रडेल, काहीतरी करेल. ती उठली, किल्ल्या घेतल्या आणि दारातून म्हणाली, "असंच लावायचं. मुंग्यांसकट. कुणी कापलं तर मी तिथे उभी राहून तोंडाने सांगेन, आणि मी कशी उभी राहते ते क्लबला ठाऊक आहे."

२९ जानेवारी

सेक्रेटरींना फोन करून कळवलं: पूर्ण चित्र, न कापता, आणि शेवटचा भाग न धुता. ते म्हणाले, "तुम्ही घरगुती भांडण क्लबच्या पडद्यावर आणताय." मी म्हणालो, क्लबने आमच्या घरात आणलं होतं, परत करतोय. ते म्हणाले, मग दाखवणंच रद्द. मी म्हणालो, मग तुमची कॅसेट घेऊन जा, तिची प्रत माझ्याकडे आहे, आणि माझ्या घराची बाहेरची भिंत पांढरी आहे, रस्त्यावरून छान दिसते.

बायकोने विचारलं, "ही धमकी होती का?"

"निवेदन होतं."

"आवाज चढला होता निवेदनाचा."

१ फेब्रुवारी

अध्यक्षाबाई घरी आल्या. एकट्या. येणार हे मी धरूनच होतो. सेक्रेटरींची मात्रा चालली नाही की वरिष्ठांना पाठवतात, बातमीदारीत हे रोजचं.

चहा घेतला नाही. मी लावून ठेवलेलं चित्र पाहिलं, उभ्यानेच.

"तुमच्या ताईंनी हे पाहिलं?"

"पाहिलं."

"शेवटचंही?"

"तेच जास्त वेळा."

"काय म्हणाल्या?"

"असंच लाव म्हणाली."

बाई पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "ते टोक फार अंधारात आहे. जरा उजळ करता येईल का? म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही दिसेल."

मी मनात हसलो. डाव ओळखला. उजळ केलं की उद्या हेच म्हणणार, फिल्टर लावून हात काढला. "नाही," मी ठणकावून सांगितलं. "काही उजळ होणार नाही, काही पुसलं जाणार नाही. जे आहे ते असंच लागेल."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. दाराशी पुन्हा थांबल्या. "त्या येणार आहेत ना पण? नक्की?"

"पहिल्या रांगेत," मी म्हणालो.

तोंड पाडून गेल्या. बाजी मारली.

२ फेब्रुवारी

सेक्रेटरींचा फोन. अध्यक्षाबाईंनी सांगितलंय, चित्र पूर्ण लावा, कार्यकारिणीचं काही ऐकू नका. सेक्रेटरींचा आवाज कुणीतरी पायाखालची सतरंजी ओढल्यासारखा.

यात काहीतरी काळंबेरं आहे. प्रोजेक्टरजवळ मी स्वतः उभा राहणार.

८ फेब्रुवारी

रात्री उशिरा लिहितोय, अक्षराकडे बघू नये.

हॉल भरलेला. मधोमध टेबल मांडलेलं, नंतर सदस्यांचा प्रदर्शनीय सामना होता म्हणून. ताई पहिल्या रांगेत, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. लोक मागच्या मागे कुजबुजत होते, मला ऐकू येत होतं. "तीच ना ती? न हललेली?"

चित्र लागलं. आधीचे पॉइंट रंग सुधारून, चेंडूसकट. शेवटच्या पॉइंटला मुंग्या आल्या तशी कुजबुज वाढली. सेक्रेटरी "तांत्रिक बिघाड, तांत्रिक बिघाड" करत प्रोजेक्टरकडे धावले. मी आडवा आलो. माझ्या वजनाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

पॉइंट संपला. पंचांचा हात बाहेर. पडदा काळा. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. मुंग्यांत कुणाला हात दिसणार? उजळ करायला हवं होतं की काय, असं पहिल्यांदा वाटलं.

अध्यक्षाबाई उठल्या. माईक त्यांनी घेतलाच नाही.

"तुम्हाला नीट दिसलं नसेल," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगते. चेंडू कडेला लागला होता. मी पाहिलं होतं. माझा हात पुढे गेलासुद्धा होता. पंच बाहेर म्हणाले आणि मी हात मागे घेतला. त्यानंतर रोज उद्या सांगू म्हटलं." त्या पहिल्या रांगेकडे वळल्या. "मी त्यांची..."

"चेंडू लागला हे मला तेव्हापासून माहीत आहे," ताई बसल्या जागेवरून म्हणाली. खणखणीत, क्लच दाबायला सांगते त्या आवाजात. "पुढे बोला."

"पुढे... माफी..."

"माफीचं नंतर बघू. स्कोअर किती झाला?"

अध्यक्षाबाई ताईकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणावं की नाही मला ठरवता येत नाही.

"वीस-वीस," त्या म्हणाल्या.

"मग सामना कुठे संपलाय?" ताई उभी राहिली. पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या. "बॅट आहे का एखादी जास्तीची?"

सेक्रेटरी म्हणाले, कार्यक्रमपत्रिकेत हे नाही. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"सर्व्हिस माझी," ताई म्हणाली.

"तुमचीच," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

ताईने डाव्या पायाची टाच दोनदा आपटली. मी फोन काढून चित्रण सुरू केलं. काय टिपलं देव जाणे, पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

९ फेब्रुवारी

सकाळी ताईकडे गेलो. एक गुडघा खुर्चीवर, त्यावर बर्फाची पिशवी. स्कूलला सुट्टी दिलेली, ते काढल्यापासून पहिल्यांदा.

काल ती हरली. वीस-वीसवरून चोवीस-सव्वीस. शेवटचा चेंडू तिने सरळ नेटमध्ये मारला, पंचाची गरजही पडली नाही. तिने पुढे जाऊन हात मिळवला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, टेबलावर वाकून, धापा टाकत. काही बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. विचारलं तर "तुला काय करायचंय" असं उत्तर मिळालं.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"कशाचं?"

"हरलीस त्याचं."

"तेव्हा मी हरलेच नव्हते, पंडित, मला हरवून टाकलं होतं. काल हरले. तुझ्या त्या शास्त्रात याला वेगवेगळे शब्द नाहीत का?"

शोधून सांगतो म्हटलं. मग तिला फोनवरचं चित्रण दाखवलं. हललेलं, अंधुक, मध्ये कुणाचं तरी डोकं. मी म्हणालो, दोन दिवस दे, स्थिर करतो, उजळतो, ते डोकंही काढतो.

ताईने फोन हिसकावून घेतला. शेवटचा पॉइंट लावला, चेंडू नेटमध्ये जाताना पाहिला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिला.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "मी हरलेली स्वच्छ दिसतेय. आणखी काय साफ करायचंय?"